कोतेत्सुचा उजवा कान

जगात मांजरांच्या दोनच जाती आहेत, असं ओरिए मिनोवाचं ठाम मत होतं. एक वंशावळीची, दुसरी उरलेली. उरलेल्यांत नुमाझु बंदरावर सुक्या बांगड्यांच्या फळ्यांखाली लोळणारी मांजरं यायची, शेजाऱ्यांची सुटलेल्या पोटाची मांजरं यायची, आणि मनातल्या मनात ती शेजाऱ्यांनाही त्यातच धरायची.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर 'सेइरान' नावाची कॅटरी होती. कुणी तिला मांजरघर म्हटलं की ओरिएचा चेहरा आंबट व्हायचा. इथं आखूड शेपटीची अस्सल जपानी मांजरं जन्माला यायची. शेपूट सशासारखी, गोंडेदार, मुठीत मावणारी. आता पंचाईत अशी की तसल्याच शेपटीची मांजरं बंदरावर पैशाला पासरी होती. फरक काय, असं विचारण्याची चूक एखाद्यानं केलीच, तर ओरिए त्याला बसवून चहा पाजायची आणि चहा गार होईपर्यंत फरक सांगायची. कपाळापासून नाकापर्यंतची रेघ, गालाची हाडं, मागच्या पायांची उंची, शेपटीचा वळसा नेमका कुठल्या मणक्यापाशी सुरू होतो ते. तिचा नवरा तेत्सुओ याला लग्नाला तीस वर्षं होऊनही हा फरक दिसत नव्हता. समंजस माणूस असल्यामुळे तो दिसतो म्हणायचा.

या जगाची भाषाही न्यारी. पिल्लं झाली की त्यांची वाटणी व्हायची, काही 'शोची' आणि काही 'घरची'. शोचं म्हणजे ज्याच्या अंगावरून परीक्षकाची बोटं फिरणार ते. घरचं म्हणजे ज्यात काहीतरी खोट निघाली ते. त्याची नसबंदी करून ते एखाद्या प्रेमळ कुटुंबाला देऊन टाकायचं. थोडक्यात, ज्याच्यावर कुणी नुसतं प्रेम करणार ते पिल्लू दुय्यम. मादी माजावर येऊन रात्रभर किंचाळली तर ती 'हाका मारते', आणि आतेमामे भावंडांचं लग्न लावलं तर 'रक्त घट्ट केलं' म्हणायचं. ओरिए हे शब्द जेवताना पाहुण्यांसमोरही सहज वापरायची. पाहुणे मग फारसे येईनासे झाले.

बावीस वर्षं तिनं हे रक्त घट्ट केलं होतं. कुठं कान मोठे व्हायचे, कुठं पाय बुटके, कुठं शेपटीला दोन वळसे जास्त. कित्येक पिल्लं 'घरची' होऊन गेली, कित्येकांनी शोमधून बक्षिसाची रिबिनीची फुलं आणली. पण दर वेळी काहीतरी कमी पडायचंच. आणि मग कोतेत्सु झाला. पांढराशुभ्र, डोक्यावर आणि शेपटीवर तेवढा केशरी शिंतोडा. तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा ओरिए जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली आणि रडली. तेत्सुओला वाटलं पिल्लू गेलं. "अगं, पुढच्या वेळी होईल चांगलं," असं तो म्हणाला, आणि आठवडाभर त्याला गार भात मिळाला.

कोतेत्सुचा बाप म्हातारा होऊन मेला होता. आई आता व्यायची नव्हती. म्हणजे सेइरानचं सगळं रक्त या एका बोक्यात येऊन थांबलं होतं. एखाद्यानं ताबडतोब त्याचं लग्न लावलं असतं. पण ओरिए एखादी नव्हती. बोका एकदा कामाला लागला की त्याची मान जाड होते, अंग उतरतं आणि तो भिंतींवर फवारे मारत सुटतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून आधी शो आणि मग सोयरीक. मादी ठरलेली होती, कुमामोतोची, चांगल्या घरची. शिझुओकाचा नोव्हेंबरातला शो उरकला की ती विमानानं येणार होती.

तोवर कोतेत्सु दोन वर्षांचा झाला तरी ब्रह्मचारीच होता. त्याला कुणाच्या नजरेला पडू दिलं नव्हतं, कारण दृष्ट लागते. ओरिए शिकलेली बाई होती, ती दृष्ट न म्हणता 'योग्य वयाची वाट पाहणं' म्हणायची. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, कारण पट्ट्यानं मानेवरचे केस दबतात. मालकाची ओळख सांगणारी चिप कातडीखाली बसवायची राहिली होती, कारण परीक्षकाच्या बोटाला ती गाठ लागली तर? ते शोनंतर बघू. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची हा प्रश्न उंदरांना पडतो असं ऐकलं होतं. इथं मालकिणीलाच ती बांधायची नव्हती.

खाणं म्हणजे मीठ न घातलेली उकडलेली कोंबडी आणि परदेशी गोळ्या. रोज विंचरणं, आठवड्याला कान साफ, महिन्याला नखं. पोटात केसांचा गोळा होऊ नये म्हणून एक चिकट मलम, ते तो तेत्सुओच्या पायजम्याला पुसायचा. शिवाय रोज अर्धा तास टेबलावर उभं राहायचा सराव. परीक्षक उचलेल तेव्हा अंग सैल सोडायचं, खाली ठेवेल तेव्हा मान ताठ. तेत्सुओ परीक्षक व्हायचा. त्यानं कोतेत्सुला उचलून "वा, वा" म्हणायचं, एवढंच काम होतं, आणि ते तो मनापासून करायचा.

राहता राहिली आळीतली भटकी मांजरं. त्यांचा एक काळा बोका मागच्या भिंतीवर येऊन फवारे मारायचा आणि आळीतल्या माद्या खिडकीखाली हाका मारायच्या. कोतेत्सु वरच्या मजल्यावर जाळीला नाक लावून ऐकायचा. त्याचं खाणं सुटलं. तेव्हा ओरिएनं आळीच्या सभेत विषय काढला.

आळीत इसोबेबाई होत्या. निवृत्त व्यायामशिक्षिका, गळ्यात अजून शिट्टी. त्या आणि त्यांच्यासारख्या चार बाया भटकी मांजरं पिंजऱ्यात धरायच्या, नसबंदी करून आणायच्या आणि जिथून धरलं तिथंच सोडायच्या. गुंगीत असतानाच कानाच्या टोकाला साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलाच्या, पाकळीसारखी खाच पाडून घ्यायची. बोक्याचा उजवा कान, मादीचा डावा. खाच दिसली की पुन्हा धरायचं नाही. इसोबेबाईंना या कामाचा सार्थ अभिमान होता, आणि तो कधी आणि कुणासमोर आवरायचा हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"धरायला आमची ना नाही, मिनोवाबाई," सभेत त्या म्हणाल्या. "पण आधी चौकशी करावी लागते. कुणाचं पाळलेलं निघालं तर?"

"कसली चौकशी? पाळलेलं मांजर रस्त्यावर असतंच कशाला? माझी कधी दिसलीत तुम्हाला?"

"तुमची नाही हो दिसली. आम्हाला घरात बोलावलंत तर दिसतील."

"गळ्यात पट्टा नाही, तर ते भटकं. सरळ हिशेब आहे. तुम्ही विचारत बसता म्हणून तर ही प्रजा वाढली. लगेच धरा, लगेच कापा, काम झालं. आणि ज्याला आपलं मांजर सांभाळता येत नाही त्याचं ऐकायचं तरी कशाला?"

सभेनं माना डोलावल्या. ओरिए बोलायला लागली की सभा माना डोलवायचीच, त्यामुळे सभा लवकर संपायची. इसोबेबाईंनी शुक्रवारी रात्रीपासून पिंजरे लावायचे ठरवले. याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ओरिए त्या दिवशी अगदी समाधानानं घरी आली आणि तिनं तेत्सुओला गरम भात वाढला.

शुक्रवारी संध्याकाळी तेत्सुओ वरच्या गच्चीत सिगारेट ओढायला गेला. कोटात्सूची, म्हणजे शेगडी लावलेल्या बुटक्या टेबलाखालची ऊब सोडून बाहेर जायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं, पण घरात धूर केला तर मांजरांच्या केसांना वास लागतो. जाळी ओढली असं त्याला वाटलं. खालून आळीतल्या एका मादीनं हाक मारली. दोन वर्षं ब्रह्मचर्य पाळलेल्या बोक्यानं पंजानं जाळी सरकवली आणि छपरावरून निघून गेला. सराव न करता त्यानं पहिल्यांदाच काही केलं होतं.

"अहो, जाळी कुणी उघडी ठेवली?" एवढंच ओरिए म्हणाली. तेत्सुओनं सिगारेट कुंडीत विझवली आणि टॉर्च आणायला गेला.

पोलिसचौकीत वर्दी द्यायची, खांबांवर फोटो लावायचे, शेजाऱ्यांना सांगायचं, हे सगळं तेत्सुओनं सुचवलं. ओरिएनं सगळ्याला नाही म्हटलं.

"फोटो लावा म्हणे. म्हणजे उद्या सगळ्या मांजर-क्लबला कळू दे, सेइरानचा बोका रस्त्यावर फिरून आला. एकदा रस्त्यावर गेला की लोक म्हणतात रोग घेऊन आला असेल. कुमामोतोवाले मादी पाठवतील?"

"अगं, पण सापडायला तर हवा."

"भूक लागली की येईल. त्याला उकडलेली कोंबडी कोण देणार आहे बाहेर?"

हे मात्र खरं होतं. बाहेर त्याला उकडलेली कोंबडी कुणीच देणार नव्हतं. इसोबेबाईंच्या पिंजऱ्यात तळलेली होती, आलं-लसणाची, दुकानातून गरमागरम आणलेली. जन्मात मीठ न चाखलेल्या जिवाला तो वास कसा लागला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

शनिवारी सकाळी ओरिए वाटीत कोंबडी घेऊन, वाटी पदर नसल्यामुळे कोटाच्या आत लपवून, फिरायला निघाल्यासारखी आळीत हिंडत होती. कोपऱ्यावर इसोबेबाईंची गाडी उभी होती. मागचं दार उघडं, आत चार पिंजरे, प्रत्येकावर चादर टाकलेली. अंधार असला की मांजर शांत राहतं.

"लवकर निघालात आज," इसोबेबाई म्हणाल्या. "काही हरवलंय का?"

"छे. जरा पाय मोकळे करतेय."

"बघा तुमच्या कृपेनं चार मिळाले एका रात्रीत. हा शेवटचा तर असा हावरट, दार पडलं तरी मान वर केली नाही. सगळी कोंबडी संपवली, मग ओरडायला लागला. आवाज बसला त्याचा."

चादरीखालून एक घोगरी, फाटकी आरोळी आली. आखूड शेपटीच्या अस्सल जपानी मांजराचा आवाज गाण्यासारखा असतो, हे ओरिएनं किती जणांना सांगितलं होतं.

"आवाजावरूनच कळतं," ती म्हणाली.

"पण दिसायला देखणा आहे हो. पांढरा. चादर उचलून दाखवू? तुमच्यासारख्या जाणकार बाईनं बघितलं तर बरं."

ओरिएचा हात क्षणभर कोटातल्या वाटीवर थांबला. बंदरावर निम्मी मांजरं पांढरी होती. शिवाय आपला कोतेत्सु, बावीस वर्षांचं रक्त, तो तळलेल्या कोंबडीला भुलून पिंजऱ्यात जाणं शक्यच नव्हतं. आणि बघायला वाकलं तर या बाईला वाटणार, हिचंच काहीतरी हरवलंय. कॅटरीवाल्या माणसाच्या हाडीमाशी एक नियम भिनलेला असतो, भटक्या मांजराच्या जवळ जायचं नाही. ओरिएनं तो पुढे केला.

"नको, नको. तुमच्या मांजरांना गजकर्ण असायचं. माझ्या कोतेत्सुला लागण झाली तर शो बुडेल." आणि ती दोन पावलं मागे सरली. "दवाखान्यात लवकर न्या. दया दाखवू नका."

"दया कसली. दुपारपर्यंत होऊन जाईल," इसोबेबाई म्हणाल्या आणि गाडीचं दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी तेत्सुओ पेपर घ्यायला दार उघडतो तर पायरीवर कोतेत्सु. मान ताठ, पाय जुळवलेले, टेबलावर उभा राहायचा तसा. उजव्या कानाच्या टोकाला पाकळीएवढी खाच. तेत्सुओनं आयुष्यात पहिल्यांदा एका दृष्टिक्षेपात फरक ओळखला.

त्यानं बायकोला हाक मारली नाही. तो बोक्याला घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं त्याला ओरिएसमोर ओट्यावर ठेवलं. ओरिएनं आधी कान बघितला. मग शेपूट उचलून मागं बघितलं. मग तिनं मिसोच्या सुपाखालचा गॅस बंद केला, हात पुसले, आणि खाली बसली. ती रडेल असं तेत्सुओला वाटलं होतं. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"अगं, जिवंत आहे. धडधाकट आहे," तो म्हणाला.

"घरचा झाला," ओरिए म्हणाली.

त्याच दुपारी ती इसोबेबाईंच्या दारात उभी राहिली. काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, कायदा, नुकसानभरपाई, वर्तमानपत्र. इसोबेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. पण खूप वर्षं मुलांना रांगेत उभं केलेल्या बाईला चूक कुणाची हे ठरवल्याशिवाय गप्प बसवत नाही.

"दवाखान्यातही म्हणाले होते, बोका पाळलेला वाटतो," त्या म्हणाल्या. "इतके स्वच्छ कान भटक्याचे नसतात. पण गळ्यात पट्टा नाही. चिप शोधली, नाही. पोलिसात विचारलं, कुणी वर्दी दिलेली नाही. आणि भर सभेत काय सांगितलं होतंत?"

ओरिए जायला वळली.

"आणि मिनोवाबाई, मी तुम्हाला विचारलं होतं. चादर उचलू का म्हणून."

ओरिए घरी आली. माणसाला दुसऱ्याचा राग यावा एवढंही सुख कधीकधी मिळत नाही.

कुमामोतोला तिनं कळवलं, बोक्याची तब्येत बरी नाही. सेइरानची पाटी दारावर तशीच राहिली, जसं दुकान बुडालं तरी फळी राहते. कोतेत्सु मात्र मजेत होता. त्याचं खाणं सुधारलं. खिडकीखालच्या हाकांना तो आता कान टवकारायचा आणि पुन्हा झोपायचा. रोज संध्याकाळी मात्र ठरल्या वेळी टेबलावर जाऊन उभा राहायचा आणि कुणी 'वा, वा' म्हणतंय का याची वाट बघायचा. तेत्सुओ म्हणायचा. ओरिए खोलीबाहेर जायची.

शोच्या आदल्या आठवड्यात तिनं एकाएकी नवऱ्याला सांगितलं, "मी त्याला नेणार आहे."

"कशात? खाच असताना?"

"घरगुती वर्गात."

तेत्सुओनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. घरगुती वर्ग म्हणजे हॉलच्या शेवटी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर मांडलेली टेबलं. वंशावळ लागत नाही, जात विचारत नाहीत. एका डोळ्याची, तीन पायांची, कचराकुंडीत सापडलेली मांजरं तिथं फिती लावून बसतात आणि त्यांच्या मालकिणी घरून भाताचे गोळे आणून एकमेकींना वाटतात. बावीस वर्षं ओरिए त्या टेबलांवरून जाताना हसायची. ते हसू प्रेमळ असायचं, आणि म्हणूनच जास्त लागायचं.

"उकितांचा हात एकदा त्याच्या अंगावरून फिरू दे," ती म्हणाली. "बाकी काही नको मला. मी चुकले नव्हते एवढं मला कुणीतरी जाणत्यानं सांगू दे."

परीक्षक उकिता म्हणजे या जातीतला शेवटचा शब्द. डोळे मिटून नुसत्या बोटांनी मांजराची तीन पिढ्यांची कुंडली सांगतात अशी ख्याती. क्लबच्या बायका त्यांना घाबरायच्या, ओरिए त्यांचा शब्द मानायची. कोतेत्सुला अजून कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ओळखण्याचा प्रश्न नव्हता. फॉर्मवर नुसतं 'कोतेत्सु' लिहिलं. सेइरान लिहिताना जी सही झोकदार यायची ती या वेळी आली नाही.

घरगुती वर्ग दुपारी झाला. उकिता कंटाळलेले होते. त्यांनी एका डोळ्याच्या मांजराला 'धीट' म्हटलं, एका लठ्ठ मांजराला 'आनंदी' म्हटलं, दर मांजरामागे हात जंतुनाशकानं पुसले. मग कोतेत्सुला पिंजऱ्यातून काढून टेबलावर ठेवलं. कोतेत्सुनं पाय जुळवले आणि मान ताठ केली.

उकितांचा हात कपाळावरून नाकाकडे गेला आणि थांबला. परत कपाळावर आला. गालाच्या हाडांवरून, पाठीवरून, मागच्या उंच पायांवरून गेला, आणि शेपटीपाशी अगदी हलका झाला. त्यांनी डोळे मिटले. वंशावळीच्या टेबलांवरच्या क्लबच्या बायका उठून मागं येऊन उभ्या राहिल्या. ओरिएला आपल्या कानात आपलंच रक्त ऐकू येत होतं. त्यांच्या बोटांना जे लागत होतं ते तिला कित्येक वर्षांपासून पाठ होतं.

"मंडळी," उकिता म्हणाले, "चाळीस वर्षं मी हेच शोधतोय. पुस्तकात लिहिलेलं मांजर. एक दोष मला सापडत नाही, एक कान सोडला तर." लोक हसले. "आणि हे कुठं सापडलं? गल्लीत. आपण रक्त घट्ट करत बसतो, वंशावळी छापतो, आणि निसर्ग कचराकुंडीपाशी हे फुकट टाकून जातो. लाज वाटायला हवी आपल्याला." मग त्यांची नजर ओरिएवर पडली आणि त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "अरे, मिनोवाबाई? हा तुमचा? तुम्ही भटका बोका घरात घेतलात? मानलं बुवा. मन मोठं लागतं याला."

टाळ्या झाल्या. भाताचे गोळे वाटणाऱ्या बायकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

"आता तुम्हीच सांगा," उकिता खुशीत आले होते. "बावीस वर्षं सेइरान चालवताय. खरं सांगायचं हं. असा एक तरी बोका जन्मला का तुमच्या घरात?"

क्लबच्या बायका हसल्या. ते हसू ओरिएच्या ओळखीचं होतं. आता फक्त सांगायचं होतं: हाच तो, हे माझं काम आहे, तुमच्या बोटांखाली माझी बावीस वर्षं आहेत. आणि मग सांगावं लागणार होतं, पट्टा का नव्हता, वर्दी का नव्हती, चादर उचलू का म्हटल्यावर ती काय म्हणाली. पण टेबलावर कोतेत्सु मान ताठ करून उभा होता, आणि त्याला माझा नाही म्हणणं तिच्या जिभेला जमेना.

"जन्मला होता," ती म्हणाली. "अगदी असाच. मला सांभाळता आला नाही. माझ्याच घमेंडीनं घालवला मी."

मग उकितांनी हात जोडल्यासारखे केले आणि लोकांकडे वळले.

"ऐकलंत? याला नम्रता म्हणतात. एवढ्या मोठ्या घराण्याची बाई, पण एका गल्लीतल्या बोक्याचं कौतुक व्हावं म्हणून स्वतःला कमी म्हणवून घेतलं. शिका जरा."

या वेळी टाळ्या वंशावळीच्या टेबलांकडूनही आल्या. उकितांनी सगळ्यात मोठं रिबिनीचं फूल तिच्या हातात दिलं. ओरिए कमरेत वाकली. रीतीप्रमाणे वाकायचं असतं तेवढी वाकली, आणि मग तशीच राहिली, कारण चेहरा वर करण्यासारखा नव्हता. लोकांना ते फारच आवडलं.